किसनरावांचं ‘बराबर’

“मंग आबा, जीप देऊन टाकू का?” वैजनाथनं विचारलं.

“बराबर,” किसनराव म्हणाले.

वैजनाथनं आईकडं पाहिलं. गोजरबाई तुरी पाखडत बसली होती, तिनं सूप थांबवलं नाही. ऐकलं मात्र नीट. ऐकायला तरी दुसरं होतं काय? सोयाबीन काढणीच्या धांदलीत किसनरावांना झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि त्या दिवसापासून या एका शब्दाखेरीज त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नव्हता. चहा देऊ का, बराबर. चहा नको ना, बराबर. हिंगोलीच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं की यांना कळतं सगळं, आत शब्दही सगळे आहेत, फक्त बाहेर यायची वाट बुजली आहे. बोलत राहा, बोलतं करत राहा. त्या बुजलेल्या वाटेवर हे एकटं ‘बराबर’ तेवढं कसं कोण जाणे अलीकडं राहिलं होतं.

आणि राहावा तर नेमका हाच शब्द राहावा, याचं अख्ख्या साखरा गावाला नवल वाटत होतं. किसनराव हा जन्मभर ‘न्हाई’वर जगलेला माणूस. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या रेडिओशी ते भांडत. कीर्तनकाराला मधेच थांबवून ‘तुमची तिथी चुकली’ म्हणत. गोजरबाई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या रात्री ती घाबरत घाबरत म्हणाली होती की आज गारठा आहे, तर हे म्हणाले होते, न्हाई. असा माणूस आता सगळ्यांच्या सगळ्याला बराबर म्हणू लागल्यावर गावाला त्याच्या तब्येतीची भारीच काळजी वाटू लागली. शेजारचा बांधकरी चौकशीला आला आणि उठता उठता विचारता झाला, “किसनराव, बांध माझाच व्हता न्हाई का?” बराबर. तो हसत हसत गेला. गोजरबाईनं मनातल्या मनात दोन खाती उघडली : बघायला कोण आलं आणि होकार गोळा करायला कोण आलं. दुसऱ्या खात्याची पानं भराभर भरत होती.

वैजनाथचं नाव मात्र तिनं त्या दुसऱ्या खात्यात टाकलं नव्हतं. पोरगं वाईट नव्हतं. हिंगोलीत बियाण्यांचं दुकान सांभाळून दर दोन-चार दिवसांनी गावी येत होतं, बापाची दाढी स्वतः करत होतं. त्याचं म्हणणं एवढंच की आबा आता पुन्हा गाडी चालवणार नाहीत. मग दारात तो सांगाडा ठेवून त्यांच्या जिवाला रोज तकलीफ कशाला? वाशीमकडचा एक माणूस जुन्या जीपा विकत घेतो, रंगवतो, वरातीला भाड्यानं देतो. गाडी भंगारात जाणार नाही, नटूनथटून फिरेल. संक्रांतीच्या सुमारास तो बघायला यायचा होता.

“त्यांचं बराबर म्हंजी व्हय न्हाई,” गोजरबाई म्हणाली.

“मंग काय हाय?”

“आत्ता म्हणले ते नाकातून म्हणले. नाकातलं बराबर म्हंजी शिवी असती.”

वैजनाथ हसला नाही. तो म्हणाला, “माय, तू तुझ्या मनाचं ऐकून राहिलीस. आबांनी एकदा तोंडानं न्हाई म्हणू दे. मी जीपला बोट लावणार न्हाई. मला बी तेच ऐकायचंय ना.”

तिनं सूप आपटलं आणि म्हणाली, बोलवायचंच तर मग संक्रांतीलाच बोलव त्याला, पाहुण्याच्या हातावर तिळगूळ तरी पडेल.

जीप अंगणात गोठ्याशेजारी दगडांवर उभी होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली, बॉनेट भिंतीला टेकवलेलं, त्यावर कोंबड्या बसत. वैजनाथपेक्षा वयानं मोठी, पेट्रोलवर चालणारी ही जीप किसनरावांनी लिलावात घेतली होती. तेव्हा गाव हसलं होतं. मग पहिल्याच पावसाळ्यात, काळ्या मातीच्या वाटेवर ट्रॅक्टरसुद्धा पोटावर बसला असताना, किसनरावांनी गिअरशेजारचे ते दोन आखूड दांडे ओढले, चारही चाकं जोर लावू लागली आणि जीप चिखल थुंकत ओढ्यापलीकडच्या हळदीच्या रानापर्यंत गेली. गाव हसायचं थांबलं. किसनराव मात्र त्या दिवसापासून जास्तच किसनराव झाले. जीपला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. उघडायची आपण, जोडायची आपण. आणि दर वर्षी तिच्या अंगावर काही ना काही नवं चढवायचं. यंदा पुढच्या चाकांना नव्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवणं चाललं होतं, कारण ओढ्याच्या उतारावर जीप ब्रेक दाबल्यावर थांबायची ती स्वतःच्या सवडीनं. चाकं काढली, इंजिनातलं काही साफ करायला काढलं, आणि हातात पाना असतानाच ते खाली बसले ते उठलेच नाहीत.

या जीपच्या नावे गोजरबाईच्या डोक्यात बरीच बाकी होती. तेल पुसायला गेलेलं तिचं मोतिया लुगडं, पेट्रोल गाळायला गेलेली चाळणी, बेअरिंग तापवायला नेलेला स्टो. सगळ्यात मोठं कलम म्हणजे परात. इंजिनातलं तेल उतरवायला किसनरावांनी तिची जर्मनची परात उचलली होती, आणि त्यावरून नवरा-बायकोत महिनाभर अबोला राहिला होता. ती परात आता चेमटून कोंबड्यांच्या दाण्याला लागली होती. तिच्या बदली आणलेली स्टीलची परात गोजरबाई फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवी, आणि किसनराव स्वयंपाकघरात आले की आधी त्या फळीकडं बघत.

पण लुगडं-परातीपेक्षा जुनं भांडण शब्दांचं होतं. जीप उघडली की काहीतरी धरायला माणूस लागे, आणि घरात गोजरबाईशिवाय दुसरं कोण? इतक्या वर्षांत तिला सगळे भाग ओळखू येत होते, पण तिच्या स्वतःच्या नावांनी. क्लच प्लेटला ती थालीपीठ म्हणे. पेट्रोल गाळणाऱ्या काचेच्या वाटीला गडवा. मोठा गिअर थोरली जाऊ, शेजारचे दोन दांडे धाकट्या. आणि इंजिनाच्या कडेला ते काळं टोपण असतं, जिथून चारही सिलिंडरला ठिणगी वाटली जाते, त्याला मधे एक आणि भोवती चार अशी बोळकी. ते तर सरळसरळ पंचपाळंच होतं, देवापुढं हळदी-कुंकवाचं असतं तसं. ते पुसताना त्याच्या वायरी मिसळू नयेत म्हणून ती बोटांच्या बेचक्यांत धरून उभी राही आणि एकेक परत देताना म्हणे, ही हळद घ्या, हे कुंकू घ्या, गुलाल, बुक्का. मधल्या वायरीला अक्षता.

“पंचपाळं न्हाई. डिस्ट्रीब्यूटर,” किसनराव दर वेळी म्हणत. “अडाणी.”

हा ‘अडाणी’ तिला लागे. रोज नाही, पण शेजारीण ऐकायला असली की लागेच.

आता त्यांना बोलतं करायचं तर कशानं, हे तिला डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. घरात बाजेवर पडून ते पंख्याकडं बघत राहात. एकदा तिनं उन्हासाठी बाज अंगणात, जीपशेजारी ओढली, आणि संध्याकाळी आत न्यायला आली तर यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण नजर चाकाच्या रिकाम्या खुंट्यावर होती आणि ओठ हलत होते. दुसऱ्या दिवसापासून बाज तिथंच राहिली. गोजरबाई येता-जाता त्यांना शिकवू लागली. म्हणा, न्हाई.

“बराबर.”

“बराबर न्हाई हो. न्हाई म्हणा, न्हाई.”

“बराबर,” किसनराव चिडून म्हणत, आणि डाव्या हातानं बाजेवर चापट मारत.

मग तिनं एक असं काम केलं की किसनराव धडधाकट असते तर घरात जेवले नसते. तिनं कनेरगाव नाक्यावर बालाजीला फोन लावला. ढाब्यांच्या रांगेत बालाजीचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी एकदा त्यानं प्रेमानं जीपच्या बॉनेटवर हात ठेवला होता, तर किसनराव चारचौघांत म्हणाले होते, ट्रॅक्टरचा हात हाय, पुसून घे. हे तो विसरला नव्हता.

“काकू, काका हाणतील मला,” तो म्हणाला.

“कशानं हाणतील? उजवा हात चालत न्हाई त्यांचा.”

बालाजी आला. कुतूहलानं आला की मान मिळाला म्हणून आला, हे गोजरबाईनं तपासलं नाही. आला ही जमा. तो सवड काढून येई, बाजेला नमस्कार करी आणि कामाला लागे. ब्रेकचं काम त्याच्या हातचं होतं, ते त्यानं सुरेख केलं. किसनराव डाव्या कोपरावर उठून बघत आणि वेगवेगळ्या चालीत बराबर म्हणत. बालाजी खूश होई.

“काका पास करून राहिले बगा.”

“आत्ता शिवी दिली त्यांनी,” गोजरबाई म्हणाली. “नट तिरका बसला आसंल.”

बालाजीनं वाकून पाहिलं. नट तिरका बसला होता.

चाकं चढली, जीप दगडांवरून खाली उतरली. राहिलं इंजिन. इथं बालाजीची चाल मंदावली, कारण त्याचं सगळं आयुष्य डिझेलवर गेलेलं आणि डिझेलला ठिणगीचं लफडं नसतं. त्यानं ते काळं टोपण बसवलं, चारही वायरी ठिणगीच्या क्रमानं, घड्याळाच्या काट्याप्रमाणं खोचल्या, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि सेल्फ मारला. जीप आचके देत फिरली आणि ‘फाट्’ असा बार काढला. कोंबड्या उडून गोठ्याच्या पत्र्यावर गेल्या. त्यानं पुन्हा मारला. पुन्हा बार. म्हशीनं दावं ताणलं.

“बराबर! बराबर!” किसनराव बाजेवरून गरजले.

“काका, तुमी म्हणून राहिले बराबर, पण ही घेईना की,” बालाजी घाम पुसत म्हणाला.

किसनरावांनी डावा हात उचलला. तर्जनी हवेत धरून ती उलटी फिरवू लागले, आरतीच्या उलट. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. गोजरबाई धावली, तिला वाटलं पुन्हा झटका आला. ती वाकली तसा त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि घशातून काहीतरी ओढून बाहेर काढलं.

“कु... कुंकू.”

गोजरबाईचा हात आपसूक कपाळाकडं गेला. कुंकू जागेवर होतं. बालाजीनं नजर दुसरीकडं वळवली. नवरा-बायकोचं काही खाजगी चाललंय असं त्याला वाटलं, आणि खरं म्हणजे तसंच होतं. तिच्याही डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात तिनं त्या बोटाकडं पाहिलं. बोट अजून उलटंच फिरत होतं. आणि नजर तिच्या कपाळावर नव्हती, तिच्या खांद्यावरून पलीकडं जीपवर होती.

“आगं माय,” ती म्हणाली. “यांचं जीपचं चालू हाय.”

ती उठली, पदर खोचला आणि बालाजीला सरकायला सांगितलं. पुढच्या सिलिंडरची हळद जिथली तिथं ठेवली. मग कुंकू उजवीकडून काढून डावीकडं लावलं. गुलाल समोर होता तसाच राहिला. बुक्का कुंकवाच्या जागी आला. हात आपोआप चालले. वर्षानुवर्षं बेचक्यांत धरलेल्या वायरी त्या. या जीपचं पंचपाळं डावीकडून वाटत जातं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, फक्त त्याच क्रमानं ती देत आली होती.

“मार आता.”

बालाजीनं सेल्फ मारला. जीप खोकली, थोडी थांबली, आणि मग एकदम धरली. निळा धूर गोठ्यावरून वर गेला. चौघी-पाचजणी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. किसनराव पडून ऐकत होते, इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्यांचा डावा अंगठा बाजेच्या कडेवर हलत होता.

त्यानंतर शब्द आले, पण रांगेनं नाही, वाट फुटेल तसे. गडवा. थालीपीठ. धाकटी. एकदा भाताचं ताट समोर आल्यावर ते बुक्का म्हणाले आणि स्वतःच हसले. वैजनाथ भेटायला आला की त्याला हे शब्द ऐकवावेत म्हणून गोजरबाई त्यांना जीपजवळ बसवी. वैजनाथलाही बरं वाटे, पण तो व्यवहारी होता. म्हणाला, गाडी चालू झाली हे चांगलंच झालं, घेणारा खूश होईल. आणि त्यानं पुन्हा विचारलं, “आबा, द्यायची ना?”

“बराबर,” किसनराव म्हणाले. नाकातून. पण नाकाचा हिशोब वैजनाथ मानत नव्हता.

गोजरबाईला दुसरंच एक सलत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांचं भांडण ती जिंकली होती. किसनराव आता पंचपाळ्याला पंचपाळं म्हणत होते, मुकाट्यानं, शाळेतल्या लेकरासारखे. त्यांचे स्वतःचे तोऱ्याचे शब्द मातीखाली गेले आणि तिचे स्वयंपाकघरातले तेवढे वर आले. हे ती जमेला धरायला गेली की तिचा हातच थांबे. जिंकायला समोर कुणी उभं तर पाहिजे. एकदा तर तिनं मुद्दाम, त्यांना चेव यावा म्हणून, डिस्क ब्रेकला जात्याची तळी म्हटलं. किसनराव म्हणाले, बराबर. ती आत जाऊन चुलीपाशी बसून राहिली.

संक्रांतीला दुपार कलताना बायका हळदी-कुंकवाला आल्या. अंगणात सतरंजी टाकली होती. नानीबाई, कुंपणापलीकडची शेजारीण, नेहमीप्रमाणं सगळ्यात आधी येऊन सगळ्यात मोक्याची जागा धरून बसली. गोजरबाई पितळी पंचपाळं घेऊन एकेकीच्या कपाळाला बोट लावत होती, वाण देत होती. तेवढ्यात वैजनाथ आला आणि मागोमाग वाशीमचा पाहुणा. पाहुणा सभ्य होता. बायका बसलेल्या बघून चप्पल काढून कडेनं आला, किसनरावांच्या पाया पडला, तिळगूळ घेतला आणि मग जीपभोवती फिरला. ब्रेक बघून त्यानं मान डोलावली. बालाजीनं परत बसवलेलं बॉनेट उघडलं. गाडी त्याच्या मनात भरली होती, हे गोजरबाईनं त्याच्या पाठीवरून ओळखलं. जो माणूस काहीच नावं ठेवत नाही तो घेऊनच जातो.

“हे बदललं का नवीन?” त्यानं काळ्या टोपणाकडं बोट करून सहज विचारलं.

वैजनाथला सांगता येईना. गोजरबाई नानीबाईच्या कपाळाला कुंकू लावत होती, तिथूनच म्हणाली, “जुनंच हाय. पुसून बसवलंय. आमचं पंचपाळं हाय ते.”

बायकांत हसू पिकलं. नानीबाई म्हणाली, हातात एक आन गाडीत एक, तुजं बरं हाय बाई. पाहुणाही हसला.

“न्हाई.”

आवाज खालच्या पट्टीतला होता, चाक नसलेली गाडी ओढावी तसा घासत आलेला. सगळ्यांनी बाजेकडं पाहिलं. किसनराव डाव्या कोपरावर उठले होते.

“पंचपाळं... न्हाई.” त्यांनी श्वास घेतला. ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले. “डिस. ट्री.” नानीबाईचं हसू तोंडातच राहिलं. “ब्यू. टर.”

आणि मग गोजरबाईकडं बघून, अगदी सहज, न अडखळता, “अडाणी.”

सगळ्या शेजारणींच्या देखत.

गोजरबाईचं कुंकवाचं बोट हवेतच होतं. तिनं ते खाली घेतलं नाही. वैजनाथ पुढं झाला आणि बापाच्या बाजेपाशी उकिडवा बसला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“आबा. जीप द्यायची?”

“न्हाई.”

“बराबर आबा,” वैजनाथ म्हणाला, आणि त्यानं बापाच्या पायावरची चादर उगीचच नीट केली.

पाहुणा समजदार होता. त्यानं हळूच बॉनेट लावलं, म्हणाला, गाडीपेक्षा मालक मजबूत हाय. वैजनाथ त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. परत आला तो चावी घेऊन, आणि आईला विचारू लागला की आबांना डावीकडच्या सीटवर बसवलं तर बसता येईल का. ओढ्यापर्यंत नेऊन आणतो म्हणाला, ब्रेक कसे लागतात ते त्यांनाच बघू दे. बालाजीलाही फोन करतो, दोघं मिळून चढवू. किसनरावांनी त्यालाही न्हाई म्हटलं. मग जरा विचार केला आणि बराबर म्हणाले. हे साधं होतं, छातीतलं.

बायका उठायच्या बेतात होत्या. वैजनाथनं जीप सुरू करून बघितली, आणि इंजिनाखालून तेलाचा एक काळा थेंब सतरंजीच्या कडेशी पडला. मग दुसरा.

“गळून राहिली गं तुजी गाडी,” नानीबाई म्हणाली.

गोजरबाईनं पितळी पंचपाळं तिच्या हातात दिलं आणि ती आत गेली. पाट ओढल्याचा आवाज आला, फडताळाची वरची फळी करकरली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलची परात होती, पुसलेली, चकचकीत, जिच्यात अजून नीट पीठही मळलं गेलं नव्हतं. किसनरावांनी मान वळवून परातीकडं पाहिलं. त्यांच्याकडं बघायचं तिनं टाळलं. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली आणि परात इंजिनाखाली, थेंबाच्या बरोबर खाली, सरकवून दिली.